आतड्याच्या तज्ज्ञाची तपासणी

घरात सगळे त्याला शास्त्रज्ञ म्हणत. भाचीही शास्त्रज्ञमामा म्हणूनच हाक मारायची. ज्या माणसाला स्वतःच्या चष्म्याचा नंबर आठवत नाही त्याला हे नाव शोभतं का, असं त्याला अधूनमधून वाटे, पण हरकत त्यानं कधी घेतली नाही.

त्याचं काम आतड्याच्या कॅन्सरवर होतं. निदान लोकांना तो तसं सांगे. खरं तर कामाचा आवाका बेताचाच. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना आणि खालच्या थराला घट्ट धरून असतात. त्यासाठी त्यांच्या अंगावर रिसेप्टर असतात. कॅन्सरमध्ये काही पेशींची ही पकड बदलते. शेजारणीचा हात सुटतो आणि भलतीकडे जाऊन पाय रोवता येतात. अशा ढीगभर रिसेप्टरांपैकी इंटिग्रिन नावाच्या एकावर त्यानं उभी हयात घालवली होती. बाकीच्यांबद्दल कुणी विचारलं तर तो प्रयोगशाळेतल्या शेजारच्या खोलीकडे बोट दाखवी.

मग ताईला नेमका तोच आजार निघाला.

"तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत," भाऊजी फोनवर म्हणाले. शास्त्रज्ञानं "हो, हो" म्हणून घाईनं फोन ठेवला.

सर्जन मोजकं बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढलं, कुठून कुठपर्यंत कापणार ते दाखवलं आणि विचारलं, "काही शंका?" ताई, भाऊजी आणि भाची, तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं. त्यानं घसा साफ केला.

"गाठीतल्या इंटिग्रिनचं प्रमाण तपासणार का? पेशी चिकटण्यात त्याचा मोठा वाटा असतो."

"नाही. त्यावरून माझं ऑपरेशन आज तरी बदलत नाही. तुम्ही त्यावर काम करता?"

"हो."

"छान. तुमची स्वतःची आतड्याची तपासणी कधी झाली?"

तो भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागला.

"अरे, त्या तुला विचारतायत," ताई म्हणाली.

"झाली नाही."

"कधीच?"

"वेळच मिळाला नाही."

"एवढा कशात गुंतला होतास?" भाऊजींनी अगदी निरागसपणे विचारलं.

"आतड्याच्या कॅन्सरवरच्या कामात," तो पुटपुटला. भाचीनं तोंडावर ओढणी धरली. सर्जनबाईंनी मात्र सख्ख्या बहिणीला हा आजार असताना तपासणी टाळू नका, असं शांतपणे सांगितलं.

वेळ मिळाला नाही, ही थाप होती. व्याख्यानाच्या शेवटी तो लोकांना तपासणी करून घ्या असं तळमळून सांगे आणि घरी येऊन विषय टाळी. तो घाबरट होता, एवढंच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो ताईपाशी बसला होता. ताई गणिताची निवृत्त शिक्षिका. तिनं त्याच्याकडून सगळं नीट समजून घेतलं.

"म्हणजे माझ्या पेशी सुटून दुसरीकडे चिकटल्या असतील?"

"आतड्याजवळच्या लिंफच्या गाठी तपासल्या की अंदाज येईल. सुटलेल्या पेशी बहुधा आधी तिथे अडकतात."

"तुला काय वाटतं?"

त्याच्याकडे आलेख पुष्कळ होते. ताई एकातही नव्हती.

"मला माहीत नाही, ताई."

"बरं झालं बोललास. मघापासून छताकडे बघून भाषण देत होतास." तिनं उशी सारखी केली. "मी उद्या पोट कापून घेणार. तू निदान ती तपासणीची नळी तरी घालून घे."

ऑपरेशन नीट पार पडलं. ताई उठून बसल्यावर त्यानं तपासणीसाठी नाव घातलं. आतडं साफ करायचं औषध प्यायल्यावर, ज्या अवयवावर आपण इतके शोधनिबंध लिहिले त्याचा जोर किती असतो, हे त्याला पहिल्यांदा कळलं. नर्सनं व्यवसाय विचारला तेव्हा त्यानं शिक्षक म्हणून वेळ मारून नेली. तिनं मग प्लॅस्टिकचं आतडं समोर धरून मोठं आतडं म्हणजे काय, ते त्याला सावकाश समजावलं. तोही मान डोलावत राहिला.

आत एक छोटा मांसल कोंब निघाला. तो तिथल्या तिथे काढून टाकला. त्याचा कॅन्सर झालेला नव्हता. तपासणी आणखी काही वर्षं टाळली असती तर झालाही असता.

ताईच्या एका लिंफच्या गाठीत मात्र कॅन्सरच्या पेशी पोचल्या होत्या. रिपोर्ट तिला त्यानंच सांगितला, तोही तिच्याकडे बघून. तिनं कागद हातात घेऊन स्वतः एकदा वाचला. मग म्हणाली, "आता केमो?"

"हो."

"तू येशील ना सोबत?"

तो प्रत्येक वेळी गेला. औषधानं तिला गार वस्तूला हात लावला की बोटांना मुंग्या येत. हेही त्याला नर्सनंच सांगितलं. तेव्हापासून ताईकडे गेला की फ्रिज तो उघडी, भाज्या तो धुई आणि ती खुर्चीत बसून तो पाणी किती वाया घालवतो ते सांगे. केमो संपल्यावरच्या पहिल्या स्कॅनमध्ये काही सापडलं नाही. पुढचा स्कॅन व्हायचा होता. ताईनं ते ऐकून घेतलं आणि त्याला कोथिंबीर पुन्हा धुवायला लावली.