संदर्भात शुक्रीचं नाव

पनवेलच्या कॉलेजात मोझेस सरांचा दरारा होता तो तळटीपांमुळे. प्रकल्पात कुणाचं वाक्य घेतलंत, तर त्या माणसाचं नाव, गाव, तारीख खाली आलीच पाहिजे; नाही आली की सरांनी लाल रेघ ओढलीच. माणूस भला, पण नियमापुढे कुणाचं म्हणून ऐकायचा नाही.

कातकरवाडीतल्या रूपाने वीटभट्टीवर प्रकल्प लिहिला. त्यात एक वाक्य होतं : ‘टँकरचं पाणी इटांना, आमाला डबक्यातलं.’ खाली नुसतं ‘एक कामगार बाई’.

“नाव?” सरांनी विचारलं.

“माझी मावशी हाय, सर. नाव नको बोलली.”

“मग हे तू मनाने रचलंस असं समजू? नाव घाल, नाहीतर मार्क विसर.”

रूपाने मान खाली घालून लिहिलं : शुक्री हिलम.

प्रदर्शनात सरांनीच तो प्रकल्प कौतुकाने पुढे मांडला. कॉलेजच्या समितीवरचे शेट आले, पानं चाळली, मोबाइलवर एक फोटो काढला. भट्टी कुणाची हे विचारायचं सरांना कधी सुचलंच नव्हतं. दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक वाडीवर आला आणि शुक्री तेवढी सोडून बाकी सगळ्यांना भट्टीवर घेऊन गेला.

रूपा सरांकडे धावली. “नाव घाला तुमीच बोललात, एवढं शेटला सांगा ना. काम नाय तर मावशी खाईल काय?”

“बघतो,” सर म्हणाले. शेटच्या बंगल्यापर्यंत गेलेही, पण फाटकावरूनच माघारी फिरले. नोकरीचा प्रश्न आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. भित्रेपणाला माणूस काय एकेक गोंडस नावं देतो!

आठवड्याने रूपा एक कागद घेऊन आली. पोरीने खोटं लिहिलं असं लिहून दिलं तर शुक्रीला कामावर घेतो, असं मुकादम म्हणाला होता. रूपाने तसं लिहिलं होतं : मावशी असं काही बोलली नाही, वाक्य मी मनाने रचलं, नावही मीच घातलं. खाली सही, तारीख.

“द्यायच्या आदी बघा, सर. काय चुकलं नाय ना?”

सरांनी वाचलं. चूक एकही नव्हती.

“तुमचं नाव कुटं येऊ दिलं नाय,” ती हळूच म्हणाली.

सरांना हायसं वाटलं. आधी हायसंच वाटलं, आणि मग इतकी लाज वाटली की त्यांना तिच्याकडे बघवेना. तरी कागद त्यांनी तिच्या हातात परत दिलाच.