चार मायक्रॉन

पट्टी तिसऱ्यांदा तुटली, तेव्हा काकांनी मेणाला दोष दिला.

"मेणच भिकार आलंय या वेळी. लोण्यासारखं चिकटतंय पात्याला."

शेजारच्या यंत्रावर धाकटी बसली होती. तिच्या पात्यावरून त्याच मेणाची पट्टी सरळ, अखंड उतरत होती. खरं तर तीही पन्नाशीला आली होती. पण या विभागात काकांच्या मागून लागली म्हणून धाकटी, आणि मग कायमचीच धाकटी.

काकांना सगळं इस्पितळ मायक्रॉनकाका म्हणायचं. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणात बसवून त्याचा लहानसा ठोकळा करतात. तो ठोकळा यंत्रावर चढवायचा, चाक फिरवत त्याचे केसाहून कितीतरी पातळ काप काढायचे, एकाला एक चिकटलेल्या त्या कापांची पट्टी कोमट पाण्यावर तरंगवायची आणि अलगद काचेवर उचलून घ्यायची. एक काप चार मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतले चार. एकतीस वर्षं ते हेच करत होते. "घरी काकडीसुद्धा तशीच कापतात," त्यांची बायको पाहुण्यांना सांगायची, "ताटात वाढली तरी शोधावी लागते."

गेली सहा वर्षं ते विभागातल्या डॉक्टर मॅडमच्या संशोधनासाठी कापत होते. थायरॉइडचा कॅन्सर झालेल्या तीनशे बारा रुग्णांचे जुने ठोकळे मॅडमनी तळघरातून वर आणले होते. यांतल्या काहींच्या ग्रंथीवर त्यांच्याच शरीरातल्या रक्षण करणाऱ्या पेशी तुटून पडलेल्या असतात. अशांचा कॅन्सर जरा सौम्य वागतो का, आणि त्यातून माणसाला डायबेटिस असेल तर काय होतं, हे मॅडमना शोधायचं होतं.

"शरीराला आपलं माणूस ओळखू येईनासं होतं, काका," त्यांनी एकदा सांगितलं होतं. "घरच्यालाच चोर समजून मारायला धावतं."

"मग आमच्या घरात काही वेगळं नाही," काका म्हणाले होते, आणि मॅडम बराच वेळ हसल्या होत्या.

डायबेटिस काकांनाही होता, एकोणीस वर्षांचा. आधी पाय गेले, म्हणजे जागच्या जागी होते, पण चालताना कापसावर पाऊल पडल्यासारखं वाटायचं. त्याचं त्यांनी काही मनावर घेतलं नाही. कापायला पाय लागत नव्हते. आठ महिन्यांपूर्वी मात्र बोटांची टोकं मुकी झाली. पट्टी सावरायचा कुंचला हातात आहे की सुटला, हे आता बघितल्याशिवाय समजत नव्हतं. सकाळी शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. उशीर झालाय, असं ते म्हणायचे आणि तीही ते मान्य करायची. पण गेल्या आठवड्यात त्यांनी गॅसवरचं गरम झाकण उघड्या हातानं उचललं आणि तसेच बोलत उभे राहिले.

"अहो, हात!" ती ओरडली. मग बोटांवर पाणी ओतता ओतता म्हणाली, "सांगून टाका तिथं."

"रिटायर व्हायला दोनच वर्षं राहिलीत."

"बोटं थांबणारेत का दोन वर्षं?"

काका चपला शोधायला लागले.

आज अकराच्या सुमाराला खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीच्या आतबाहेरची असावी. गळ्यावर जुना आडवा व्रण होता आणि हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत घड्या पडून फाटायला आलेला रिपोर्ट.

"आठ वर्षांपूर्वी इथंच ऑपरेशन झालं होतं, गळ्याचं. आता परत आलंय. या वेळी असं आत बसलंय की तिथं सुईसुद्धा घालता येत नाही म्हणतात. जुन्या तुकड्यावर एक तपासणी करायचीय. त्यात आलं तर गोळ्या चालतील." एवढं बोलून तिला धाप लागली. "सापडेल ना हो? आठ वर्षं म्हणजे..."

"ताई, इथलं काही टाकत नाही," काका म्हणाले. "बसा तुम्ही."

ठोकळा शोधायला लागलाच नाही. तो मॅडमच्या संशोधनातला दोनशे सातवा निघाला. काकांनी तो उजेडात धरला. सहा वर्षांत कापून कापून आत एवढासा पापुद्रा उरला होता, आणि ते सगळे काप त्यांनीच काढले होते.

मॅडमनी ठोकळा बघितला. "माझं राहू दे. आधी तिचं होऊ दे. तीन चांगले काप मिळाले तरी पुरे. पण तुम्हीच करा काका, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका."

तिथंच सांगायला हवं होतं. काका म्हणाले, "बघतो."

त्यांनी ठोकळा बर्फावर ठेवला. नवं पातं बसवलं. यंत्राचे खटके एकदा तपासले, मग पुन्हा तपासले. ठोकळा चढवून चाक फिरवलं. पहिला काप आला, त्याला चिकटून दुसरा आला. काकांना बरं वाटलं. हात सगळं विसरलेला नाही, असं त्यांच्या मनात आलं. कुंचल्यानं पट्टी सावरत त्यांनी ती पाण्यावर सोडली.

पाण्यात एक गुलाबी रेघ पसरत होती.

काचा रंगवायचा रंग सांडला असेल, असं त्यांना आधी वाटलं. मग डाव्या हाताकडे लक्ष गेलं. तर्जनी आडवी कापली होती, चांगली खोल. हातमोजा फाटून लोंबत होता. चाकावर, टेबलावर, पट्टीवर थेंब पडले होते. केव्हा लागलं, देव जाणे.

"काका, बोट!" धाकटी खुर्ची ढकलून उठली.

"कळलंच नाही," काका म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडले.

दोन्ही काप गेले होते. धाकटीनं त्यांचा हात नळाखाली धरला, कापूस दाबला आणि दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "बांधून घ्या. मी काही बघितलं नाही. ठोकळा संपतच आला होता म्हणू. उरलेलं मी कापून ठेवते, तुमच्या नावानं."

"माझ्या नावानं?"

तिनं कापूस आणखी घट्ट दाबला.

"म्हणजे काय? नीट बोल."

"गेल्या आठवड्यातले बारा मी परत कापले," धाकटी म्हणाली. "सुरकुत्या होत्या. दोन फाटले होते. त्याच्या आधीचेही."

"कधीपासून?"

"झाले की आता सात-आठ महिने. तुम्ही जेवायला गेलात की बसायचे."

काका तिच्याकडे बघत राहिले. आपले काप पूर्वीसारखेच येतात, मॅडम एकदाही तक्रार करत नाहीत, म्हणजे आपलं जमतंय, या हिशेबावर त्यांनी आठ महिने काढले होते. त्यांना राग आला, पण कुणाचा ते समजेना.

"मला सांगायचं होतंस."

"कसं सांगू? चाक धरायला तुम्ही शिकवलंत मला."

नळ चालूच होता. काकांनी मनगटानं तो बंद केला, उरलेला ठोकळा परत बर्फावर ठेवायला सांगितला आणि कापूस धरून मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, माझ्या हाताला कळत नाही."

"काय कळत नाही?"

"काहीच. गरम, गार, पातं. आठ महिने झाले." ते उभेच होते. "दोनशे सातचे दोन काप घालवले आत्ता. अजून थोडं उरलंय. ते धाकटीला कापू द्या. तिचा हात चांगला आहे."

मॅडमचा चेहरा उतरला. "आठ महिने? काका, या आठ महिन्यांतल्या काचांवरून मी मोजणी केलीय."

"त्यांवरचे काप तिनंच परत काढलेत. मला आत्ता समजलं."

त्यांची नजर काकांच्या बोटावरच्या कापसाकडे गेली. मग मॅडमनी विचारलं, "साखर शेवटची कधी तपासली?"

"दोन वर्षं झाली असतील."

"खालच्याच मजल्यावर तपासतात."

"माहितीय."

तीनशे बारा माणसांच्या साखरेची नोंद असलेला कागद टेबलावर त्यांच्या पुढ्यातच होता. मॅडमनी तो उगाच उचलला आणि बाजूला ठेवला. "आधी ते बोट शिवून घ्या," त्या म्हणाल्या. "मग वर या. ती कापेल, पण तुम्ही शेजारी उभे राहा."

तीन टाके घालून काका परत आले तेव्हा धाकटीनं यंत्र पुसून लख्ख केलं होतं.

"हळू," काका मागून म्हणाले. "घाई करू नकोस. आवाज ऐक. खरखरला तर परत बर्फावर. कोन बघितलास का? आणि श्वास सोडू नकोस त्याच्यावर, उडेल..."

"काका, गप बसा हो जरा!"

काका एक पाऊल मागे सरकले. चाक फिरलं. एक काप आला, दुसरा आला. तिसऱ्याला काठाशी जराशी चीर होती, पण मधला भाग स्वच्छ होता. चौथ्यात नुसतं मेण आलं. धाकटीनं तिन्ही काचेवर घेतले. काकांनी वाकून एकेक काच उजेडात बघितली आणि मान हलवली. धाकटीचे डोळे भरून आले होते. मेणाचा वास झोंबतो, असं ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिला तो कधी झोंबला नव्हता.

चौथ्या दिवशी तपासणी झाली. जो रंग यायला हवा होता, तो आला. गोळ्या चालणार होत्या. किती दिवस, ते कुणी सांगितलं नाही.

रिपोर्ट न्यायला बाई आली तेव्हा खिडकीत काकाच बसले होते. उरलेली दोन वर्षं त्यांना आता तिथंच बसायचं होतं; नमुने घ्यायचे, रिपोर्ट द्यायचे. बाईनं रिपोर्ट घेतला, दोनदा आभार मानले आणि ती निघाली, तेव्हा काकांनी तिला थांबवलं.

"ताई, तुमचे दोन काप माझ्या हातून वाया गेले."

तिला नीटसं समजलं नाही. "पण झालं ना काम?"

"झालं."

"मग झालं तर," बाई म्हणाली. रिपोर्ट तिनं पिशवीत सरळ बसवला आणि ती सावकाश जिना उतरून गेली.

काकांच्या स्वतःच्या तपासण्यांचे आकडे चांगले आले नव्हते. औषधं बदलली. पाय रोज बघायचे, बोटांच्या मधेसुद्धा, असं डॉक्टरांनी बजावलं. काकांना एवढं वाकता येत नव्हतं. संध्याकाळी बायको दिवा जवळ ओढून त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिचेही गुडघे दुखत होते. तिनं त्यांचं पाऊल मांडीवर घेतलं, तसे काका लाजले.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"पाय दिसतोय."

"अगं, नीट बघ. मधे."

"मधेच बघतेय." तिनं अंगठा दाबला. "हे कळलं?"

काकांनी थोडा वेळ वाट पाहिली. "नाही."

"हे?"

"नाही."

टाचेवर, तळव्यावर, घोट्यावर ती विचारत गेली आणि ते नाही म्हणत गेले. मग घोट्याच्या बराच वर, पोटरीशी तिचा हात टेकला.

"हं," काका म्हणाले. "इथं कळलं."

तिनं हात तिथंच ठेवला.