दुपट्ट्याच्या मापाचं हेल्मेट

मित्रांनो, मी एक जुनं हेल्मेट आहे. रंग काळा, पुढे काच, मागे एक फिकट झालेला लाल पट्टा. इतका जुना झालो तरी माझ्या अंगावर एकही ओरखडा नाही. घरी आलेली माणसं मला हातात घेतात, उलटसुलट करतात आणि म्हणतात, "अरे वा, नवंकोरंच हाये की!" ते ऐकलं की मला जीव नकोसा होतो. का, ते सांगतो. तुमच्यापैकी कुणाचे बाबा, कुणाचा दादा, कुणाची आई रोज गाडीवर जात असेल, म्हणून तर नक्कीच ऐका.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यातून माझं कवच निघालं. आत थर्माकोलचा जाड थर बसवला, त्यावर मऊ कापडाच्या गाद्या लावल्या, हनुवटीखाली पट्टा शिवला. एकाच रंगाची आम्ही चार भावंडं होतो, लहानमोठ्या मापांची. त्यांत मी सगळ्यांत थोरला, आणि थोरलेपणाची मला फार ऐट होती. मोठं म्हणजे चांगलं, असंच मला वाटायचं. अक्कल यायची होती अजून.

खोक्यात बसून, ट्रकमध्ये आदळत-आपटत आम्ही मंगरूळपीरला आलो. तिथे बसस्टँडजवळ सैफुद्दीनचाचांचं दुकान आहे. सीट कव्हर, आरसे, रेनकोट, हातमोजे आणि छताला टांगलेली आम्ही. चाचांची जीभ दिवसभर चालायची. गिऱ्हाईक रस्त्यावरच्या ढिगातलं वाटीसारखं हेल्मेट घेऊन दाखवायला आलं की ते कपाळाला हात लावायचे. कुणी महागातलं, चित्रंबित्रं काढलेलं मागितलं तरी त्यांना राग यायचा. म्हणायचे, "सस्ता पाहू नका, महाग पाहू नका. जे डोक्याले बसते ते घ्या. गालाले घट्ट लागलं पायजे, मान हालवली तं ते डोक्यावर सरकलं नाई पायजे, अन् आतलं कापड धुता आलं पायजे. बाकी सारी फॅशन."

मे महिन्यात एका दुपारी हरीओम आणि साधना दुकानात आले. कामरगावचं जोडपं. हरीओम गाडीला मागे मोठे क्रेट बांधून गावोगावच्या दुकानांना टोस्ट आणि खारी पोचवायचा. दोघं मंगरूळपीरला लग्नाला आले होते. आपल्याकडे लग्नात पाहुण्यांना टोपी-दुपट्ट्याचा आहेर होतो, तुम्हाला ठाऊकच आहे. तोच नवाकोरा दुपट्टा हरीओमने उन्हासाठी डोक्याला आणि तोंडाला गच्च गुंडाळला होता. नुसते डोळे दिसत होते.

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या धाकट्या भावाला काढलं. "हे तुमच्या मापाचं हाये. पण भाऊ, पयले डोक्यावरचं कापड उतरवा. पँटचं माप कोनी लुंगीवरून देते का?"

हरीओम हसला. "चाचा, या उनात दुपट्टा उतरवला तं डोकं भाजून जाईन. मी दिवसभर गाडीवर रायतो. मले दुपट्ट्यावर बसते तेच द्या."

"अन् पावसाळ्यात? हिवाळ्यात?"

"पावसाळ्यातलं पावसाळ्यात पाहू."

धाकटा दुपट्ट्यावरून उतरेना. मग चाचांनी नाखुशीने मला काढलं. मी अलगद बसलो. हरीओमने मान हालवली, मी डोक्याबरोबर वळलो, जरासुद्धा सरकलो नाही. हरीओम खूश, मीही खूश. चाचा मात्र म्हणाले, "ते तुमाले नाई बसलं, तुमच्या दुपट्ट्याले बसलं."

ते आणखी बोलले असते, पण साधनाने घाई केली. ती लग्न झाल्यापासून हेल्मेटसाठी नवऱ्याच्या मागे लागली होती आणि तो दरवेळी उद्यावर ढकलत होता. आज तो दुकानात आला होता, हेच तिला खूप होतं. "घ्या ना हो, हेच घ्या. आता पुन्हा उद्या म्हनू नका," ती म्हणाली. आणि मी बसमध्ये तिच्या मांडीवर बसून थेट कामरगावला आलो.

तो उन्हाळा फार सुखाचा गेला, मित्रांनो. माझं आणि दुपट्ट्याचं मात्र रोज भांडण असायचं. तो फुकटचा, आहेरातला, आणि मी निवडून घेतलेला, तरी मालकाच्या डोक्याजवळ आधी तो आणि मग मी! पण आमचा जोडा जमला होता. गावोगावचे दुकानदार म्हणायचे, "वा हरीओमभाऊ, आता खरे गाडीवाले शोभता." आणि संध्याकाळी फाटकाशी गाडी थांबली की साधनाची नजर आधी माझ्याकडे जायची, मग मालकाच्या चेहऱ्याकडे. मी डोक्यावर दिसलो की तिच्या कपाळावरची आठी मोडायची.

मग पाऊस आला. ओला दुपट्टा कोण गुंडाळणार? तो खुंटीवर गेला आणि मी एकटा हरीओमच्या डोक्यावर बसलो. बसलो कसला, डुगडुगलो. पहिल्याच खड्ड्यात घसरून मी त्याच्या भुवयांवर आलो. त्याने एका हाताने मला मागे ढकललं. पुढच्या खड्ड्यात पुन्हा तेच. वळणावर तो मान वळवायचा आणि माझी काच सरळच बघत राहायची. त्याला बाजूचं दिसायचं नाही. रोज त्याची चिडचिड व्हायची, आणि रोज माझा जीव कासावीस व्हायचा. मला सारखे चाचा आठवायचे. मंगरूळपीर काही परदेश नाही, अर्ध्या दिवसाचं काम. बदलून घे रे बाबा मला, धाकट्याला आण, असं मी आतून आक्रोश करत होतो. पण हेल्मेटचा आक्रोश कोण ऐकतो?

त्यात पट्ट्याचं निराळंच झालं. मी खाली घसरलो की पट्टा त्याच्या गळ्याला घासायचा. म्हणून तो पट्टा उघडा सोडू लागला. सकाळी साधना दारातून विचारायची, "घातलं ना हो?" तो मान डोलवायचा. मी डोक्यावर होतो, हे खरंच होतं. पट्टा लोंबतो आहे, हे शर्टाच्या कॉलरमुळे तिला दिसत नव्हतं. ती निर्धास्त होऊन आत वळायची. मित्रांनो, तिचा तो निर्धास्तपणा मला बघवत नसे. तिने माझ्यावर भरवसा टाकला होता आणि मी नुसता देखावा झालो होतो.

दिवाळी सरली, पण ऊन तापत नव्हतं म्हणून दुपट्टा खुंटीवरच राहिला. तुरी उंच झाल्या. एका संध्याकाळी उरलेला माल घेऊन आम्ही घरी परतत होतो. अंधारायला लागलं होतं. डाव्या बाजूच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, रोह्याने रस्त्यावर उडी घेतली. रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढा दांडगा प्राणी. हरीओमने मान वळवली, पण माझी काच वळली नाही. त्याने फार उशिरा ब्रेक दाबला.

गाडी घसरली, आणि तो पडायच्या आत मी त्याच्या डोक्यावरून निघून गेलो. ज्या एका क्षणासाठी मला घडवलं होतं, त्या क्षणी मी तिथे नव्हतोच! मी उडून तुरीच्या शेतात पडलो, काळ्या भुसभुशीत मातीत, गादीवर पडावं तसा. तिथून मला तो दिसत होता. रस्त्याच्या कडेला, टोस्टच्या फुटलेल्या पुड्यांत, डोकं दगडावर. मी त्याला हाका मारल्या. माझ्याजवळ गाद्या होत्या, जाड थर होता, सगळं होतं, आणि ते सगळं त्या मातीत पडून होतं.

माणसं धावली. त्याला जीपमध्ये घालून नेलं. कुणीतरी मला शोधून आणलं, बाहीने पुसलं आणि म्हणालं, "हेल्मेट घालूनबी डोकं फुटलं, पाहा. काय फायदा याचा?" दुसरा म्हणाला, "मी तं म्हनतोच, काही कामाचं नसते ते." तेवढ्यावरून गावात दोघातिघांनी आपली हेल्मेटं माळ्यावर टाकली. चुकलं काय, हे मी एकटाच जाणत होतो आणि मला तोंड नव्हतं.

मला खुंटीला अडकवलं, त्याच दुपट्ट्याशेजारी. आता आमचं भांडण होत नसे. घर बरेच दिवस बंद राहिलं. दार उघडलं तेव्हा हरीओम दोघांच्या आधाराने आत आला. जिवंत होता. पण त्याची वाचा गेली होती आणि उजवा हात नीट चालत नव्हता. दिवसभर तो अंगणातल्या बाजेवर बसायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा.

होळीच्या सुमारास साधनाने ठरवलं की टोस्टचा फेरा आता आपण करायचा. गाडी चालवायला ती माहेरीच शिकली होती. निघायच्या सकाळी तिने खुंटीवरून दुपट्टा घेतला, उन्हासाठी डोक्याला गच्च गुंडाळला, आणि मग मला उचललं. माझ्यावरून हात फिरवत म्हणाली, "चांगलं हाये अजून. एक वरखडा नाई."

तिचं डोकं तर हरीओमपेक्षाही लहान! पण दुपट्ट्यावरून मी बसलो, अगदी नीट बसलो. आरशात बघून ती म्हणाली, "बसलं, बाप्पा." आता ही जाणार, दुपारी घाम येईल, दुपट्टा सुटेल, आणि मग? मी मनोमन ऊर फुटेस्तोवर ओरडलो. कुणीतरी थांबवा हिला!

हरीओम बाजेवरून उठला. धडपडत गाडीपाशी आला, आणि डाव्या हाताने तिच्या खांद्यावर आलेलं दुपट्ट्याचं टोक धरून ओढू लागला.

"काय करून राह्यले तुमी? मले उशीर होते ना!"

तो सोडेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिला वाटलं, त्याला त्याचा दुपट्टा हवा आहे. "घ्या बरं, तुमचाच हाये," म्हणत तिने मला काढलं, दुपट्टा सोडून त्याच्या हातात दिला, आणि मला पुन्हा डोक्यावर घातलं. मी सरळ तिच्या नाकापर्यंत खाली आलो.

तिने मला वर केलं. मी पुन्हा खाली आलो. मग तिने हळूच मान हालवली. आत मान हालली, मी मात्र होतो तिथेच राहिलो. माझ्या अंधारात तिने पुन्हा पुन्हा मान हालवून पाहिली.

"असंच होत होतं का तुमाले?" तिने विचारलं. हरीओमने मान डोलावली. "अन् मी म्हनलं, हेच घ्या. मीच घाई केली वो." आणि ती गाडीला धरून रडली.

त्या दिवशी ती फेऱ्याला गेली नाही. मला पिशवीत घालून जीपने मंगरूळपीरला गेली. तिने झालेलं सांगितलं तेव्हा चाचांनी मला फिरवून पाहिलं, ओरखडा शोधला, आणि एकही नाही म्हणजे पडताना मी डोक्यावर नव्हतोच, हे ओळखलं. मग छताचं एक हेल्मेट काढून म्हणाले, "बेटी, पयले केसाचा अंबाडा सोड. वेणी घाल. आता हे घालून पाह्य." आमच्यातलं सगळ्यांत धाकटं तिच्या गालांना घट्ट बसलं. घरी येऊन तिने विळीवर माझा पट्टा कापला, म्हणजे कुणी चुकूनसुद्धा मला घालू नये. मला वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, हेल्मेट घ्यायला जाल तेव्हा घरातल्यांबरोबर तुम्हीही जा. डोक्यावरचं कापड त्यांना काढायला लावा. पट्टा लावायला लावा, मान हालवायला लावा. हेल्मेट डोक्यावर सरकलं तर ते कितीही सुंदर असो, तिथेच ठेवायला सांगा. ते ओरडतील, म्हणतील, उशीर होतोय. होऊ द्या.

मी अजून खुंटीवरच आहे. संध्याकाळी साधनाला उशीर झाला की मी आणि हरीओम दोघंही रस्त्याकडे कान लावून बसतो, आणि गाडीचा आवाज येईपर्यंत आमच्यात प्राण नसतो. सकाळी ती निघताना तो बाजेवरून स्वतःची मान डावी-उजवीकडे हालवून दाखवतो. ती हनुवटीखालचा पट्टा लावते, त्याच्याकडे बघून तशीच मान हालवते, आणि मगच गाडी सुरू करते.