भिंगावरची बुरशी आणि गिरजाबाईचा डोळा

मित्रांनो, वडशाच्या नेत्र रुग्णालयात ऑपरेशनच्या टेबलाशेजारी मान वाकवून उभा असायचा, तो जुना सूक्ष्मदर्शक म्हणजे मी. तुमच्या शाळेत कांद्याची साल दाखवणारा छोटा सूक्ष्मदर्शक असतो ना, त्याचा मी थोरला भाऊ. माणसाच्या डोळ्यातलं जे नुसत्या नजरेला दिसत नाही, ते मी डॉक्टरांना मोठं करून दाखवायचो. उजेडही माझाच असायचा.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे काचेचे गोल तुकडे घासून घासून त्यांची भिंगं केली, ती माझ्या नळीत बसवली, आणि लाकडी खोक्यात भुसा भरून मला रवाना केलं. वडशाच्या स्टेशनवर तांदळाच्या पोत्यांशेजारी मी बराच वेळ पडून होतो. उन्हाने खोकं तापलं होतं. आपल्याला इथेच विसरले की काय, या काळजीने मी हवालदिल झालो होतो. काळजी करण्याची माझी सवय तेव्हापासूनची आहे.

पण इथे मला काम मिळालं आणि कौतुकही मिळालं. मोतीबिंदूची किती ऑपरेशनं माझ्या उजेडात झाली, ते मला सांगता येणार नाही. म्हातारी माणसं एका हाताने भिंत धरत आत यायची आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की नातवाचं तोंड बघून हसायची. इथले आधीचे मोठे डॉक्टर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी माझ्या दांड्यावर हात ठेवला होता. त्यांच्या जागी डॉक्टर स्वाती उसेंडी आल्या. त्या धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावच्या. त्यांचे वडील लालसूभाऊ शेती करतात आणि हंगामात मोहफुलं वेचतात.

स्वातीबाईंचा हात चांगला होता. तरीही एक रुग्ण अशी आली की, तिच्यापुढे त्या हाताचं काही चाललं नाही. तिचं नाव गिरजाबाई.

गिरजाबाईचा नवरा मनसाराम गावच्या तलावात मासेमारी करतो. गिरजाबाईचा डावा डोळा लहानपणी गोवरात गेला होता. सगळा संसार ती उजव्या डोळ्यावर रेटत होती. धानाच्या कापणीत लोंबीचं कूस, म्हणजे टोकदार कुसळ, त्याच डोळ्यात घुसलं. तिने डोळा चोळला. कोणीतरी दुकानातून थेंब आणून दिले, तेही घातले. वडशाला येईपर्यंत आत बुरशी शिरली होती. स्वातीबाईंनी औषध देऊन ती बुरशी मारली, डोळा वाचवला. पण बुबुळावर पांढरं फूल पडलं, ते दाट दह्यासारखं. त्या फुलाआडून गिरजाबाईला फक्त दिवस आहे की रात्र, एवढं कळे.

"नागपूरले बुबुळ बदलवून देतेत," स्वातीबाई म्हणाल्या. "पन नंतर वर्षभर तपासायले जा लागते. टाका ढिला झाला का लगेच जा लागते. जमेल?"

मनसाराम म्हणाला, "पावसात आमच्या गावातून वडशाले येनं होत नाई, बाई. नागपूरले कसा जाऊ?"

"तुमी काऊन नाई शिकत?" गिरजाबाईने विचारलं. तिने ते सहज विचारलं होतं. पण स्वातीबाईंच्या हातातली बॅटरी तशीच पेटती राहिली, त्यांना ती विझवायचं भान उरलं नाही.

त्यानंतर त्यांनी फेलोशिपसाठी अर्ज केला. फेलोशिप म्हणजे मोठ्या रुग्णालयात जाणत्या डॉक्टरांच्या हाताखाली राहून नवं कसब शिकायचं. इटलीतल्या एका रुग्णालयाने त्यांना बोलावलं. बुबुळ सगळंच्या सगळं न बदलता त्याचे खराब झालेले वरचे थर तेवढे काढायचे, आणि सगळ्यात आतला पातळ पडदा रोग्याचा स्वतःचाच राखायचा, असं ते कसब. आपलाच पडदा राहिला की नवं बुबुळ शरीराला परकं वाटण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. मात्र तो पडदा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असतो. सुईचं टोक जरा चुकलं की फाटतो.

निघायच्या दिवशी मनसाराम दारात उभा होता. "तुमी वापस येसान ना?"

"येतो ना, भाऊ. शिकून वापस येतो."

त्या गेल्या आणि ऑपरेशन थिएटरला कुलूप लागलं. बाहेरचे डॉक्टर येऊन डोळे तपासायचे, पण ऑपरेशनं बंद. नीलिमा सिस्टर रोज येऊन मला कापडी खोळीने झाकायच्या, माझ्या पायाशी झाडायच्या. त्या फार मायेने वागत. पण वातानुकूलन बंद होतं, खिडक्या बंद होत्या आणि पावसाळा सुरू झाला होता. खोळ दमट झाली. भिंतीला ओल आली. त्या ओलीचं काहीतरी माझ्या नळीत शिरलं आणि भिंगांवर हळूहळू पसरू लागलं. मला ते जाणवत होतं. अंगावर कोळी चालावा, तसं. मला ओरडून सांगायचं होतं, पण ऐकू जाईल असं तोंड मला नाही.

एकदा लालसूभाऊ बाजाराच्या दिवशी आले. झाडण्यासाठी माझी खोळ काढलेली होती, त्यामुळे थिएटरच्या दाराच्या काचेतून मला ते दिसत होते. डोक्याचा रुमाल काढून त्यांनी हातात धरला होता.

"पोरगी वापस येईल ना, बाई? लोकं म्हनतेत, तिकडे गेलेला मानूस कोनी येत नाई."

"येईल, काका. काऊन नाई येनार?" नीलिमा सिस्टर म्हणाल्या. पण ते गेल्यावर त्या बराच वेळ दारातच उभ्या होत्या.

मलाही तीच धास्ती होती, आणि दुसरीही एक होती. तिथे स्वातीबाई नवे कोरे, झगझगीत सूक्ष्मदर्शक बघत असतील. परत आल्याच, तर मला अडगळीत टाकतील. मित्रांनो, आपण कोणाची तरी वाट बघावी आणि त्याच वेळी त्याच्या येण्याची भीतीही वाटावी, असे ते दिवस होते.

स्वातीबाई दिवाळीच्या तोंडावर आल्या. थिएटर उघडलं, माझी खोळ काढली आणि त्या म्हणाल्या, "काय रे म्हाताऱ्या, बरा हाय ना?" मला इतका आनंद झाला की, आत काय झालंय ते मी क्षणभर विसरलोच.

गिरजाबाईला हात लावण्याआधी त्यांना इथे सराव करायचा होता. खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणले. एक डोळा माझ्याखाली ठेवला आणि त्यांनी सुई घातली. बुबुळाच्या थरांमध्ये सुईने हवा सोडायची. हवेचा बुडबुडा झाला की आतला पडदा अलगद सुटा होतो, असं ते तंत्र. बुडबुडा झालाच नाही. दुसऱ्या डोळ्यात सुई पार आत गेली आणि पडदा फाटला. तिसऱ्यातही फाटला. रोज नवे डोळे यायचे आणि रोज पडदा फाटायचा.

"तिथी जमत होतं," त्या नीलिमा सिस्टरना म्हणाल्या.  "इथी काऊन जमून नाई राह्यलं? माह्याच हातात खोट हाय का?"

"थकल्या तुमी. दोन दिवस थांबा."

"मनसारामभाऊ रोज फोन करून राह्यला. त्याले काय सांगू?"

मला सगळं माहीत होतं. खोट त्यांच्या हातात नव्हती, माझ्या डोळ्यात होती. भिंगावरच्या बुरशीमुळे माझा उजेड धुरकट पडत होता. सुईचं टोक नेमकं किती खोल गेलं, ते मी त्यांना दाखवूच शकत नव्हतो. आणि त्या बिचाऱ्या स्वतःला दोष देत होत्या. एक दिवस हातमोजे काढून त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "गिरजाबाईले नागपूरचीच चिठ्ठी देतो. उगीच तिचा उरलासुरला डोळा माह्या हातून जायचा."

त्या उठून दिवा बंद करायला माझ्याकडे आल्या. मी जीव गोळा करून उभा होतो, पण जीव गोळा करून यंत्राला काय करता येतं? दिव्याच्या बटणाशी त्यांचा हात थांबला. माझ्या उजेडाचं वर्तुळ टेबलाच्या हिरव्या कापडावर पडलं होतं. त्याची कड धूसर झाली होती. त्यांनी वाकून बघितलं. मग माझं खालचं भिंग फिरवून काढलं आणि खिडकीतल्या उन्हासमोर धरलं.

काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरले होते.

"सिस्टर! इकडे या. हे पाहा."

नीलिमा सिस्टरनी बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "मी तर रोज झाकून ठेवत होती, मॅडम."

"तुमची काई चुकी नाई. बंद खोलीत ओल धरली. कोरडी हवा पाह्यजे होती त्याले." एवढं बोलून स्वातीबाई रडू लागल्या. नीलिमा सिस्टरना वाटलं, त्या माझ्यासाठी रडतायत. पण ते सुटकेचं रडणं होतं, हे मी ओळखलं.

नागपूरहून कारागीर आला. त्याने मला टेबलावर उघडलं आणि एकेक भिंग पुसलं. एका भिंगाच्या कडेला बुरशीने काच खाल्ली होती. तेवढा डाग निघाला नाही. बाकी मी स्वच्छ झालो. पुढच्या बकऱ्याच्या डोळ्यात पहिल्याच सुईला बुडबुडा फुलला, गोल आणि पांढरा. स्वातीबाईंनी आणखी डोळे मागवले, आणखी सराव केला, आणि मग मनसारामला फोन लावला.

नागपूरच्या नेत्रपेढीतून बर्फाच्या डब्यात बुबुळ आलं. कोणा अनोळखी माणसाने मरणानंतर ते दान दिलं होतं. गिरजाबाईला टेबलावर झोपवलं, डोळ्याभोवती सुई देऊन तो बधिर केला. ती जागी होती.

"हालजो नको, गिरजाबाई. खोकला आला तर आधी सांगजो."

"सांगतो. मले तुमचा आवाज येऊ देजा, बाई. भेव वाटते."

मलाही भय वाटत होतं. तो कडेचा डाग आज आडवा आला तर? स्वातीबाईंनी फूल पडलेल्या थरात सुई घातली. हवा सोडली. बुडबुडा झाला! त्या वरचे थर हळूहळू कापून काढू लागल्या. खाली तो पातळ पडदा उघडा पडला, पाण्यासारखा नितळ. आणि नेमका त्याच वेळी माझा दिवा फडफडला आणि गेला.

एकदम अंधारून आलं. कात्रीचं टोक त्या पडद्यापासून केसभर अंतरावर होतं. कोणीही घाबरून हात मागे ओढला असता, आणि ओढताना पडदा फाटला असता. स्वातीबाईंनी हात ओढला नाही. तो जिथे होता तिथेच, दगडासारखा ठेवला.

"सिस्टर, बल्ब," त्या एवढंच म्हणाल्या.

"काय झालं, बाई?" गिरजाबाईने विचारलं.

"काई नाई. दिवा बदलून राह्यलो. तू अशीच पडून राह्य. यंदा तलावात मासोळी कशी हाय?"

"झिंगे लय हायेत," गिरजाबाई म्हणाली. नीलिमा सिस्टरनी बल्ब बदलला. उजेड आला. पडदा शाबूत होता.

मग नवं बुबुळ बसवून बारीक टाके घातले. ऑपरेशन संपल्यावर स्वातीबाईंनी मास्क खाली ओढला. "तिथी इटलीतल्या सरांनी मले आधी हात थांबवायलेच शिकवलं," त्या नीलिमा सिस्टरना म्हणाल्या. 

पट्टी काढली तेव्हा गिरजाबाईला धुकं दिसत होतं. बुबुळ निवळायला वेळ लागतो. ती गावी गेली आणि माझी काळजी पुन्हा सुरू झाली. पावसाळ्यात तिचा डोळा लाल झाला. टाका ढिला झाला होता. नाल्याला पूर होता, रस्ता बंद. मनसारामने पाणी जरा ओसरताच तिला डोंग्यात बसवून नाला ओलांडला आणि पलीकडून ट्रॅक्टरवर वडशाला आणलं. स्वातीबाईंनी त्याच दुपारी माझ्या उजेडात तो टाका काढला. नागपूरला जावं लागलं असतं तर तो डोळा राहिला नसता.

हिवाळ्यात ती पुन्हा तपासायला आली. धुकं निवळलं होतं. तिने आधी मनसारामकडे बघितलं, मग त्याच्या पांढऱ्या झालेल्या मिशीकडे, आणि मग स्वातीबाईंकडे बघतच राहिली.

"तू एवढीशी पोरगी हायेस का वं?" ती म्हणाली. "आवाजावरून मले वाटलं, चांगली मोठी बाई असशील."

मनसाराम तोंड फिरवून डोळे पुसत होता.

आता रुग्णालयात नवा सूक्ष्मदर्शक आला आहे. मी शेजारच्या खोलीत उभा असतो. तिथे भामरागड, सिरोंचाकडचे तरुण डॉक्टर स्वातीबाईंकडे शिकायला येतात आणि माझ्याखाली बकऱ्याच्या डोळ्यांवर सराव करतात. त्यांचे पडदे फाटतात तेव्हा मला अजून धडकी भरते. खोलीची खिडकी मात्र रोज उघडतात, ऊन आत येतं.

मित्रांनो, यंत्रं वापरली नाहीत तरी त्यांच्याकडे बघत जा. आम्हाला सांगता येत नाही. पण तुम्हाला तोंड आहे, तेव्हा काही बिघडलेलं दिसलं तर तुम्ही सांगा. सध्या शिवारात धान कापणीला आलं आहे आणि मला पुन्हा धास्ती वाटते आहे. तुमच्या आईच्या, काकाच्या डोळ्यात कूस गेलं, तर त्यांना डोळा चोळू देऊ नका, कोणाचेही थेंब घालू देऊ नका. त्यांचा हात धरा आणि त्याच दिवशी घेऊन या. स्वातीबाई इथेच आहेत.