दोन्ही हातांनी

इलियासने चार नंबरच्या प्रेसच्या डाव्या बटणात ठोकलेली लाकडी पाचर पकडीने उपसून काढली आणि खिशात टाकली. प्रेस थांबली. पत्र्याची पट्टी हातात धरून रामकिसन तसाच उभा राहिला.

"दोन्ही हातांनी दाब," इलियास म्हणाला.

"बरं, साहेब."

'साहेब' हा शब्द रामकिसनने सावकाश, नीट उच्चारला. पाच नंबरवर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

वाळूजच्या या कारखान्यात दोघे बारा वर्षं शेजारी शेजारी उभे राहिले होते. इलियास तीन नंबरवर, रामकिसन चारवर. मोटारसायकलला लागणाऱ्या पत्र्याच्या क्लिपा ठोकायच्या, दिवसभर. प्रेसला दोन बटणं असत, दोन टोकांना. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येई, म्हणजे त्या वेळी हात आत राहणं शक्यच नसे. पण एका बटणात पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवलं, की एक हात पट्टी सरकवायला मोकळा मिळे आणि तासाला शंभर नग जास्त निघत. सगळे तेच करत.

तीन आठवड्यांपूर्वी इलियास सुपरवायझर झाला. पहिल्या दिवशी तो कामगारांच्या मागे जाऊन उभा राहिला, कारण सुपरवायझर तिथंच उभे राहत. इतकी वर्षं त्याने फक्त स्वतःचे हात पाहिले होते. आता त्याला अकरा जणांचे हात दिसू लागले. आत जाणारे, बाहेर येणारे. त्याची नजर हटेना. त्या दिवशी घरी जेवताना त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवून दिला. बायकोने, मेहरुन्निसाने विचारलं, "क्या हुआ जी?" तो म्हणाला, "कुछ नहीं."

अकराही प्रेसच्या पाचरी काढल्या त्या दुपारी तो कॅन्टीनमध्ये नेहमीच्या टेबलावर जाऊन बसला. कारभारीमामा सिल्लोडच्या सोयऱ्याची काहीतरी गंमत सांगत होते. ती अर्ध्यावर थांबली.

"मग, मामा? पुढं?"

"पुढं काय नाय," कारभारीमामा म्हणाले. "संपली."

सगळे खाली बघून जेवू लागले. दुसऱ्या दिवशी इलियास साहेब लोकांच्या टेबलाशी गेला. तिथं त्यांनी त्याला जागा दिली आणि आपापसात फ्लॅटबद्दल बोलत राहिले. तिसऱ्या दिवसापासून तो पाण्याच्या कूलरजवळच्या छोट्या टेबलावर एकटाच बसू लागला. संध्याकाळी शहागंजला जाणाऱ्या बसमध्ये माणसं उभ्याने येत, पण त्याच्या शेजारची जागा रिकामी राही.

आठवडाअखेर मॅनेजरसाहेबांनी त्याला बोलावलं.

"इलियास, तुझ्या शिफ्टचा आकडा पडलाय."

"साहेब, पाचरी काढल्या."

मॅनेजरसाहेबांनी हातातला कागद टेबलावर ठेवून सरळ केला. "मला पाचर-बिचर काही माहीत नाही. माहीत करूनही घ्यायचं नाही. तू त्यांच्यातलाच आहेस. काम काढून घेशील म्हणून तुला वर घेतलं."

इलियास परत आला तेव्हा अकराच्या अकरा प्रेस भरधाव चालू होत्या. जवळ जाऊन बघायची गरज नव्हती. आवाजावरूनच कळत होतं. प्रत्येक प्रेसच्या डाव्या बटणात पाचर परत बसली होती. रामकिसनने मान वर करून त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि हात आत घातला.

मेमो द्यायचा कागद कपाटात होता. इलियासने तो बाहेर काढला, वर रामकिसनचं पूर्ण नाव लिहिलं. मग पुढं काही लिहिता येईना. शेवटी त्याने तो फाडला. आणि नुसतं बघत राहणंही त्याला जमेना. सुट्टी होईपर्यंत तो लोकांकडे पाठ करून, रिकाम्या पेट्या मोजल्याचं दाखवत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्ट सुरू होताना त्याने मेन स्विच चालूच केला नाही.

"इकडं या सगळे. दहा मिनिटं."

माणसं गोळा झाली. हात बांधून, थोडं अंतर ठेवून.

"त्र्याण्णव साली पहिली पाचर मी तासली," इलियास म्हणाला. "रामकिसनला मी शिकवलं. त्यानं तुमाला शिकवलं. माझे हात राहिले, ते माझं नशीब. माझं नशीब मला तुमाला वाटून देता येत नाय."

त्याने चार नंबरकडे बोट केलं.

"आज चार नंबर मी चालवतो. एक तास. दोन्ही हातांनी. जेवढे निघतील तेवढे माझ्या नावानं फळ्यावर लिहितो. वरती सांगायचं ते मी सांगीन."

रामकिसन बाजूला सरला. इलियासने बाह्या दुमडल्या. एवढ्या दिवसांत हात जड झाले होते. पट्टी उचलायची, ठेवायची, दोन्ही बटणं, नग काढायचा, पुन्हा मागं वळायचं. तासाभरात शर्ट पाठीला चिकटला. चारशे पाच. त्याने खडूने आकडा लिहिला, समोर स्वतःचं नाव घातलं आणि वळून विचारलं,

"टाइम कुठं जातो, मामा? तुमाला काय वाटतं?"

कारभारीमामा गोंधळले. चोवीस वर्षांच्या नोकरीत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी हनुवटी खाजवली.

"वळण्यात जातो," ते म्हणाले. "पट्ट्या ठेवायचा घोडा मागं हाय. दर वेळी वळावं लागतं. उजव्या अंगाला आणला तं..."

"आणू की."

लोखंडी घोडे ओढून आणायला सगळ्यांचीच गरज पडली. रामकिसनने दुसरं टोक धरलं, पण इलियासकडे न बघता. त्या दिवशी तासाला साडेचारशे निघाले. पुढच्या आठवड्यात पावणेपाचशे. पाचरीएवढे कधीच नाही. मॅनेजरसाहेब फळ्यासमोर उभे राहून म्हणाले, "अजून पंचवीस कमीच आहेत." पण घोडे परत मागे न्या असं काही ते म्हणाले नाहीत.

माणसं आता इलियासशी बोलू लागली. साचा घासला गेला, तेल संपलं, सुट्टी पाहिजे. कामाचंच बोलत. रामकिसन तेवढंही बोलत नसे.

महिनाभराने, शिफ्ट सुटायच्या वेळी, तो कपाटाजवळ आला आणि एक कागद पुढं केला. दुसऱ्या पाळीत बदलीचा अर्ज. कारण: घरगुती.

इलियासने तो दोनदा वाचला.

"रामकिसन, माझ्यामुळं जायालास का?"

"तुमच्यामुळंच."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. रामकिसन हलला नाही. तो म्हणाला,

"तिथं सगळ्या प्रेसला पाचरी हायेत. परवा एकाच्या अंगठ्याचं नख गेलं. कुणी बोलंना. तुमचं ऐकणार नायत ते, तुमी ह्या पाळीचे सुपरवायझर. मी लायनीत उभा राहून दोन्ही हातांनी चालवीन. दोन-चार महिने हसतील."

"जास्त हसतील."

"हसू द्या. तुमाला बी हसलेच की. मी बी हसलो."

इलियासने पेन उघडलं. अर्जाच्या खाली सुपरवायझरच्या शेऱ्याची चौकट होती. या शिफ्टवर रामकिसनसारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. 'सोडता येत नाही' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. कुणी विचारलं नसतं. त्याने पेनाचं टोक कागदावर टेकवलं, उचललं, परत टेकवलं.

'कामगार उत्तम. जाऊ द्यावे.'

खाली सही केली आणि कागद दिला. रामकिसनने तो उजेडाकडे धरून वाचला. वाचायला दोन ओळीच होत्या, तरी त्याला वेळ लागला.

"अक्षर अजून बी तसंच हाय तुझं," तो म्हणाला. "कोंबडीच्या पायावानी."

कागदाची घडी करून त्याने वरच्या खिशात ठेवली आणि बस पकडायला धावत गेला. इलियासही निघाला, पण दारापर्यंत गेल्यावर त्याला आठवलं, रामकिसन गेल्यावर चार नंबरवर कोण, ते अजून ठरवायचं आहे. तो परत फिरला आणि शिफ्टच्या यादीसमोर उभा राहिला.