रडता रडता घेतलेलं नाव

इग्नासला जाऊन दोन दिवस झाले होते आणि त्याच्या आईचा, तेक्लाचा, आवाज पार बसला होता. पोराची पेटी अंगणात ताडपत्रीखाली ठेवलेली, भोवती अंगाला सुतकाची पांढरी माती फासलेल्या बायका आणि मधोमध ती. सिम्बू नावाच्या त्या डोंगराळ मुलखात मेल्या माणसासाठी रडायचं म्हणजे नुसती टिपं गाळायची नसतात. तो कुठं गेला, काय बोलला, शेवटचं काय खाल्लं, सगळं आईनं सुरावर सांगायचं असतं. तेक्लानं सांगितलं. सांगता सांगता तिच्या तोंडून निघून गेलं, की सोमवारी पौलानं त्याला ऊस दिला, तो खाऊन माझा बाळ घरी आला आणि पडला तो उठलाच नाही.

तेवढं पुरलं.

पौला म्हणजे पलीकडच्या रताळ्यांच्या मळ्यातली विधवा. दुसऱ्या खोऱ्यातून लग्न होऊन आलेली. पोटी मूल नाही, बाजू घ्यायला भाऊ नाही. अशा बाईवर आळ घ्यायला फारशी हिंमत लागत नाही.

"वहिनी," तेक्लाचा दीर मोंडो तिच्या कानाशी वाकला. "गावच्या पोरांनी धरलंय पौलाला. इथंच आणतायत. तू फक्त हो म्हण."

"कशाला हो म्हणू?"

"तूच तर नाव घेतलंस. गावानं ऐकलंय."

"भावोजी, मी रडत होते."

"चेटकिणीचं नाव असंच बाहेर येतं. तुझ्या तोंडून इग्नासच बोलला ते."

जिवंत इग्नास तापानं फणफणला होता, तेव्हा त्याला दवाखान्यापर्यंत न्यायला ह्याच मोंडोला गाडी मिळाली नव्हती. आता कुंपणाशी बाकीची पोरं लोखंडी सळया तापवत बसली होती, तर त्यांना लाकडं मात्र हवी तेवढी मिळाली होती.

पण खरं सांगायचं तर तेक्लाच्या मनातही तो संशय होताच. बाप्तिस्मा झाला, रविवार कधी चुकला नाही, म्हणून लहानपणापासून हाडात मुरलेली भीती काही धुऊन जात नाही. धडधाकट पोर ऊस खातं आणि तिसऱ्या दिवशी पेटीत पडतं, तेव्हा आईला दोष द्यायला कुणीतरी हवंच असतं. तिलाही हवं होतं.

फादर दोन खोऱ्यांपलीकडे होते. प्रार्थना चालवायला धर्मशिक्षक बेनेडिक्ट तेवढा होता. तेक्लानं त्याला खुणेनं जवळ बोलावलं.

"मास्तर, तुम्ही बोला ना पोरांशी."

"बोललो असतो गं," बेनेडिक्ट आपल्या पायांकडे बघत म्हणाला. "पण मला लेकरं आहेत. जो चेटकिणीला पाठीशी घालतो तोही तसलाच, असं म्हणतायत ती. फादरना आणि पोलिसांना निरोप धाडलाय."

"येतील पोलीस?"

"डिझेल मिळालं तर."

आणि त्यानं जपमाळ जरा मोठ्यानं सुरू केली. भित्रा होता, पण खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं.

पौलाला आणलं तेव्हा तिची एक बाही फाटलेली होती आणि ओठातून रक्त येत होतं. पोरांनी तिला पेटीसमोर गुडघ्यांवर पाडलं. मागून गलका उठला. "बोल, आई, बोल. जाळून टाकू हिला."

तो आवाज तेक्लाच्या ओळखीचा होता. दरवर्षी ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी देवळात प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन होई. फादर येशूचे शब्द वाचत आणि जमलेल्या लोकांनी गर्दीचे शब्द म्हणायचे. क्रुसावर द्या त्याला. तेक्लाचा आवाज खणखणीत, म्हणून तिला पुढच्या बाकावर बसवत. वर्षानुवर्षं ती ते ओरडत आली होती, आणि मग घरी येऊन रताळी भाजत होती. आज ती वाचायला नव्हे, खरोखरच ओरडायला बसली होती.

'प्रभू, मला नाही जमणार,' ती मनात म्हणाली. 'माझं पोर गेलंय. मला सोड तू.'

त्यानं काही सोडलं नाही.

ती उठली. शेजारणीच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. मातीचा डबा उचलून ती पौलापर्यंत गेली आणि बोटांनी तिच्या कपाळाला, गालांना, फाटक्या बाहीतून दिसणाऱ्या दंडाला माती फासू लागली. मेलेल्याच्या आईनं स्वतःच्या हातानं जिला माती लावली ती घरची. प्रेत पुरेपर्यंत तिच्यावर हात टाकायचा नाही, हे त्या सळया घेतलेल्या पोरांनाही शिकवावं लागत नव्हतं.

"वहिनी, डोकं फिरलं का तुझं?" मोंडो पुढं आला. "तुझा मुलगा खाल्ला हिनं."

"माझा मुलगा तापानं गेला. त्याला न्यायला गाडी नव्हती. बोलू पुढं?"

मागून एक पोरगा म्हणाला, "म्हणजे हीपण तसलीच."

"असेन," तेक्ला म्हणाली. "मग दोघींना न्या. पण फादर आल्याशिवाय इग्नास इथून हलणार नाही, आणि तोवर ही माझ्याजवळ बसेल."

"आणि पुरल्यावर?" मोंडोनं विचारलं.

तेक्लानं पौलाला दंडाला धरून आपल्या जागेपर्यंत आणलं. मोंडोची बायको नवऱ्याकडे न बघता थोडी सरकली, तेवढीच जागा झाली. पोरं कुंपणाशी परत गेली, पण घरी गेली नाहीत. कुणीतरी विस्तवात आणखी एक लाकूड सारलं.

बेनेडिक्टनं जपमाळ पुन्हा धरली. आम्हां पापी जनांसाठी, आता व आमच्या मरणाच्या वेळी.

"इग्नासच्या आई," पौला हळूच म्हणाली, "मी काही केलं नाही गं. तुझा विश्वास आहे ना माझ्यावर?"

तेक्लाला हो म्हणायचं होतं. किती सोपं होतं ते. तिनं पेटीकडे पाहिलं.

"मला ठाऊक नाही, पौला," ती म्हणाली. "जवळ सरक. त्यांना तू दिसत्येस."