बंद दारामागची आग

वेल्डरने डोळ्यांवर काळी काच ओढली तेवढ्यात मामाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब जरा. चहा पिऊन ये."

"आत्ताच प्यायलो."

"मग अजून एक पी."

वेल्डरने आगगाडीच्या इंजिनाच्या भट्टीकडे पाहिले. भाची दारातून आत शिरली होती. बाहेर होते ते फक्त तिचे बूट. आत ती भिंतीतल्या हवेच्या भोकांवर खडूने फुल्या मारत होती. चोवीसपैकी बारा भोके बुजवायची होती.

इंजिन तिनेच आखलेले. एरवी कोणी फुकटही नेणार नाही असा भुरा, ओलसर, मुठीत धरला की मातीसारखा सुटणारा कोळसा त्यात जळायचा होता. पण दोन्ही चाचण्यांत चढावर वाफेचा दाब पडला आणि गाडी मध्येच उभी राहिली. उद्या तिसरी आणि शेवटची चाचणी. उद्याही तेच झाले तर चाचणी घेणारे साहेब इंजिन भंगारात काढणार आणि भाची पुन्हा पुलांचे नकाशे गिरवत बसणार.

ती बाहेर आली. नाकावर काजळी, केसांत खडू.

"मामा, वेल्डरला का पिटाळलंस?"

"भोकं बरोबर आहेत."

"बरोबर असती तर वाफ पडली नसती."

मामाने टोपी काढली, आतल्या घामट पट्टीकडे पाहिले आणि ती परत घातली. तीस वर्षे तो इंजिनावर आग सांभाळणारा फायरमन होता. मंदावलेल्या आगीत लांब सळई घालून ती मोकळी करण्यात शेडमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"मी सळई घातली होती," तो म्हणाला. "चढावर. तू मागच्या डब्यात साहेबांजवळ होतीस."

"पहिल्यांदा की दुसऱ्यांदा?"

"दोन्ही वेळा."

तिने त्याला तीनदा समजावले होते. या भट्टीत कोळसा आपोआप आत येतो आणि त्याचा थर जाड, मंदच राहतो. त्यातून वायू निघतो आणि भिंतीतल्या भोकांतून येणाऱ्या हवेवर वरच्या वर जळतो. दार उघडले, थर ढवळला, की सगळे बिघडले. मामाने तिन्ही वेळा मान डोलावली होती. मान कबूल झाली, हात झाले नाहीत.

भाची पाठ फिरवून वाकली. पुन्हा भट्टीत शिरली आणि बराच वेळ बाहेर येईना. रडत असेल, असे मामाला वाटले. तो वाकून बघतो तर ती बाहीने फुल्या पुसत होती.

"दुसरा फायरमन घे," तो दाराशी म्हणाला.

"दुसराही तुझ्याच हाताखाली शिकलेला असणार." आतून आवाज घुमत आला. "तूच ये. फक्त उद्या मी मागच्या डब्यात बसणार नाही."

सकाळपर्यंत शेडभर बातमी झाली होती.

"मामा," ड्रायव्हर म्हणाला, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. दोरखंड आणू का, हात बांधायला?"

"तू पुढे बघ. रूळ जागेवर आहेत का तेवढं सांग."

सपाटीवर वाफेच्या दाबाचा काटा तेरावर होता. चढ लागला तसा बारावर आला, मग अकरावर. ड्रायव्हरचे विनोद संपले. नवाच्या खाली गेला की गाडी थांबणार, हे तिघांनाही माहीत होते. मामा आपल्याच हातांवर बसला होता. भट्टीच्या दाराच्या फटीत एरवी डोळे दिपवणारी रेघ दिसायची. आज तिथे नुसती मळकट लाली होती, शेवटचे श्वास मोजणाऱ्या आगीची.

दहा. साडेनऊ.

कडीत अडकवलेली सळई खणखणली. मामाने दचकून स्वतःचे हात पाहिले. ते मांडीखालीच होते.

सळई भाचीने काढली होती. तिचा दुसरा हात दाराच्या खिटीवर होता आणि नजर काट्यावर खिळली होती. आपण आत्ता काय करतो आहोत हे तिला कळत नव्हते. मामाला ते चांगलेच ओळखीचे होते.

त्याने उठून खिटीवरच्या तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"चिमे. दार उघडायचं नाही."

"मामा, विझलीय ती."

"असेल."

त्यालाही तसेच वाटत होते. त्याने हात काढला नाही.

तारेचा एक खांब मागे गेला. दुसरा गेला. काटा साडेनऊवर थरथरत राहिला. चौथा खांब जाताना तो दहाला टेकला. ड्रायव्हरने वाफेचा दांडा बोटभर पुढे सारला आणि नाक पुसले.

माथ्यावरच्या स्टेशनात गाडी थांबली, तेव्हा साहेब रुमालाने मान पुसत इंजिनाशी आले. त्यांनी काटा पाहिला, भाचीकडे पाहून मान डोलावली आणि मामाकडे वळले.

"तुम्ही जुने जाणते. पोरीची बाजू न घेता खरं सांगा. चढावर आग कशी दिसत होती?"

भाची हातमोज्याचा निघालेला धागा गुंडाळत होती.

"कोणास ठाऊक, साहेब," मामा म्हणाला. "आम्ही दोघांनीही पाहिली नाही."